पडद्यावरची हसरी

कपडेधुलाईच्या खोलीत सकाळी सगळ्यात आधी यंत्राचा आवाज सुरू होत नसे, हसण्याचा होई. कोणी काही बोललं की, आणि नाही बोललं तरी, हसरी हसायची. तिचे पुढचे दोन दात जरा फाकलेले होते, त्यामुळे हसू ओठांत मावायचंच नाही. तिला खरं नाव होतं, पण ते हजेरीच्या वेळी मुकादम पुकारायचा तेवढंच. एरवी साऱ्या कामगार वसाहतीत ती हसरी. हे नाव सासूनेच वैतागून ठेवलेलं. "भांडायला बसलं तरी ही हसते. हिच्याशी भांडायचं तरी कसं?" असं म्हणता म्हणता सासूही हसायला लागली होती आणि नाव कायमचं चिकटलं.

धुलाईची खोली अणुकेंद्राच्या मागच्या अंगाला होती. कामगारांचे पिवळे अंगरखे, हातमोजे, टोप्या तिथे धुवायला येत. धुण्याआधी प्रत्येक कपडा एका खोक्यासमोर धरायचा. खोकं सावकाश टिकटिकलं तर कपडा यंत्रात टाकायचा. तापल्या तव्यावर दाणे फुटावेत तसं तडतडलं तर लाल पिशवीत. लाल पिशव्या पुढे पिंपांच्या शेडमध्ये जात. केंद्रातला किरणोत्सारी कचरा, म्हणजे फाटके मोजे, चिंध्या, जुने पाइप, गाळण्या, तिथे पिंपांत दाबून भरायचा, झाकण ठोकून बसवायचं आणि पिंप काँक्रीटच्या खड्ड्याकडे रवाना करायचं. त्या शेडमध्ये हसरीचा नवरा कामाला होता. त्याला सगळे पिंपवाला म्हणत.

"मी धुते आणि हे बुजवतात," हसरी सांगायची, "आमचा सगळा संसार केरावर उभा आहे." आणि पुन्हा हसायची.

त्या दिवशी मुकादम दारात येऊन उभा राहिला. "हसरे, हात पूस आणि बाहेर ये. साहेब लोकांनी बोलावलंय."

"अगं बाई! मी काय केलं?"

"केलं काहीच नाहीस. तुला सिनेमात घ्यायचंय."

धुलाईतल्या बायका यंत्राला टेकून हसल्या. पण मुकादम खरं बोलत होता. बाहेर सुरक्षा विभागाच्या अधिकारी बाई उभ्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर कॅमेरा घेतलेली दोन-तीन माणसं. अधिकारी बाई वयाने लहान, जाड चष्म्याच्या, बोलायला मऊ. गेले वर्षभर त्या वरिष्ठांच्या मागे लागल्या होत्या: आसपासच्या वस्त्यांत लोक केंद्राला घाबरतात, कामगारांच्या मुलांना शाळेत कोणी शेजारी बसवत नाही, म्हणून एक शैक्षणिक फिल्म काढू या. किरणोत्सर्ग म्हणजे काय, कचरा कसा हाताळतात, नियम पाळले तर माणूस कसा सुरक्षित राहतो, हे सोप्या भाषेत दाखवू या. त्या बाईंची कळकळ खरी होती, हे इथेच सांगून ठेवलं पाहिजे. या गोष्टीत वाईट मनाचं माणूस शोधायला गेलात तर हाती फारसं कोणी लागणार नाही.

दिग्दर्शकाने हसरीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "झालं. हीच. लोकांना आकडे नको असतात, चेहरा हवा असतो."

संध्याकाळी घरात दुसरा विषय नव्हता. दोन खोल्यांच्या त्या घरात माणसं चार: सासू, पिंपवाला, हसरी आणि दीर. दिराला सगळे धाकटा म्हणत. हसरी लग्न होऊन आली तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता. तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलेलं, त्यामुळे 'भाऊजी' ती फक्त रागावली की म्हणायची.

"वहिनी, आता तू आमच्याशी बोलशील का गं?" धाकट्याने विचारलं.

"आधी सही मागायची, मग बोलायचं," हसरी म्हणाली.

पिंपवाला कोपऱ्यात पाय पसरून बसला होता. मितभाषी माणूस, पण बायकोच्या हसण्यावर त्याचा जीव होता. "काय बोलायचंय तुला त्यात?" त्याने विचारलं.

हसरी उभी राहिली, पदर सारखा केला आणि शाळेतल्या पोरीसारखं म्हणून दाखवलं, "मी रोज इथे काम करते. नियम पाळते. आणि घरी निर्धास्त जाते."

"वा!" सासू म्हणाली. "यात खोटं काय आहे? देवाच्या दयेने जातोच की आपण निर्धास्त."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूने नेहमीसारखा डबा पिंपवाल्याच्या हातात दिला आणि नेहमीसारखंच म्हणाली, "छत्री घेतलीस? आणि बिल्ला आठवणीने खुंटीला लाव रे बाबा."

हे खुंटीचं प्रकरण नीट सांगायला हवं, कारण सगळं त्यातच आहे. शेडमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाला छातीवर लावायला एक बिल्ला मिळे. त्या बिल्ल्यात नखाएवढी फिल्म असे. अंगावर किती किरण पडले ते त्या फिल्मवर उमटायचं. ठरवून दिलेल्या मर्यादेला बिल्ला पोचला की त्या माणसाला शेडमध्ये पाठवायचं नाही, असा कायदा होता. कामगारांच्या भाषेत त्याचं 'ऊन भरलं'. कायदा चांगलाच होता. फक्त एवढंच, की कायम नोकरीतल्या माणसाचं ऊन भरलं तर त्याला कचेरीत खुर्ची मिळे, आणि कंत्राटातल्या माणसाचं ऊन भरलं तर त्याला घरचा रस्ता. पगार बंद. पुन्हा बोलावणं कधी येईल, येईल की नाही, ते मुकादमाच्या मर्जीवर.

मग शेडबाहेरच्या भिंतीत कोणीतरी खिळ्यांची एक रांग ठोकली. कोणी ठोकली ते कोणालाच आठवत नव्हतं. आत जाताना बिल्ला खुंटीला, बाहेर येताना छातीला. बिल्ला स्वच्छ, कायदा समाधानी, चूल पेटती. मुकादमाला ठाऊक, कंत्राटदाराला ठाऊक. वरच्यांना ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी कधी विचारलं नव्हतं. एकदा पिंपवाल्याने इमानाने बिल्ला छातीवर ठेवला होता आणि त्याचं ऊन भरलं होतं. त्या काळात सासूने घरातली भांडी एकेक करून विकली आणि धाकट्याची शाळा सुटली ती सुटलीच. त्यानंतर तीच मुलाला रोज आठवण करून द्यायला लागली. अशा आया, अशा बायका त्या वसाहतीत दारोदार होत्या. रीत एकदा उंबरठ्याच्या आत आली की ती घरच्यांसारखी वागायला लागते. तिला हाकलायचं कोणाच्या मनातही येत नाही.

फिल्मचं काम पिंपांच्या शेडपाशी झालं. हसरीला भांडारातून काढलेला कोरा पोशाख चढवला: पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, दुहेरी मोजे, तोंडावर मुखवटा. शेडमधल्या माणसांनाही तसेच पोशाख दिले. लांब दांड्यांचे चिमटे आणले, ते पाहून पिंपवाला हळूच म्हणाला, "हे असतात होय आपल्याकडे?" पिंपं नवी, रिकामी, पिवळ्या रंगाने चकचकीत. बिल्ले खुंटीवरून उतरवून सगळ्यांच्या छातीवर लावले. खिळे कॅमेऱ्यात दिसतील म्हणून मुकादमाने त्यांच्यावर 'आधी सुरक्षा, मग काम' अशी मोठी पाटी टांगली.

हसरीने मुखवटा काढला, केस मागे सारले आणि आपलं वाक्य म्हटलं. पहिल्याच झटक्यात जमलं. वाक्य संपल्यावर पाटी टांगायला खिळे किती उपयोगी पडले हे मनात येऊन तिला हसू फुटलं, आणि दिग्दर्शकाने कॅमेरा तसाच चालू ठेवला. तेच हसू फिल्मच्या शेवटी राहिलं.

काम आटोपल्यावर तिने अधिकारी बाईंना विचारलं, "बाई, हे बूट आता आमच्याकडेच राहणार ना?"

भांडाराचा माणूस हात पसरून उभाच होता. बाई गोंधळल्या. "मागणी पाठवली आहे मी," त्या म्हणाल्या. "येतील."

फिल्म शाळांत दाखवली, दवाखान्याच्या बाकांसमोर दाखवली, कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला आधी दाखवली. हसरी रस्त्याने चालली की पोरं मागून ओरडायची, "निर्धास्त जाते!" ती वळून त्यांना वेडावून दाखवायची. पलीकडच्या वस्तीतली एक म्हातारी तिचा हात धरून म्हणाली, "पोरी, तुझ्याकडे बघून माझ्या नातवाला पाठवलं गं कामाला." हसरीला तेव्हा त्याचा अभिमान वाटला. सासूने तर शेजारणींना बोलावून बोलावून सांगितलं, की सुनेचं तोंड भिंतीएवढं मोठं दिसतं आणि दातातली फट दारासारखी.

दिवस बरे चालले होते.

एका दुपारी धुलाईच्या खोलीत निरोप आला, तुझा माणूस घरी गेलाय, बरं नाही त्याला. हसरी धावत घरी गेली. पिंपवाला मोरीपाशी बसून ओकत होता. सासू पाठ चोळत होती. "काहीतरी शिळं खाल्लं असेल," ती म्हणत होती.

"शिळं नाही," तो धापा टाकत म्हणाला. "आज एक गाळणी आली. जड होती. पिंपात नीट बसेना, झाकण लागेना. मुकादम म्हणाला, गाडी थांबलीय, हाताने दाब आणि मोकळा हो. दाबली."

"चिमटा?"

त्याने उजवा तळवा उघडून तिच्यापुढे धरला.

दुसऱ्या दिवशी त्याला बरं वाटलं. तो कामावरही गेला. मग उजव्या हाताचा तळवा लाल झाला, जणू कढईचा चटका बसलाय. सासूने लोणी लावलं. लाली काळवंडली, फोड आले, फोड फुटले आणि भरेनात. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. सकाळी उशीवर केसांचा पुंजका पाहून धाकटा गप्प झाला. त्या घरात धाकटा गप्प झाल्याचं कोणी कधी पाहिलं नव्हतं.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला, रक्त तपासलं आणि हसरीला बाजूला घेतलं. "हा किरणांचा मार दिसतोय. खूप मोठा. याचा बिल्ला काय सांगतो?"

बिल्ला काय सांगणार? बिल्ला भिंतीवर वारा खात होता.

केंद्राकडून उत्तर आलं: बिल्ला स्वच्छ आहे. मर्यादेच्या जवळपासही नाही. तेव्हा हा आजार कामामुळे झाला असं म्हणता येणार नाही; घरी काही रसायन हाताळलं असेल, किंवा मुळातच रक्ताचा दोष असेल. डॉक्टर चिडले, त्यांनी वर कळवलं, आणि त्यांच्या चिडण्यामुळे निदान चौकशी बसली.

चौकशीच्या खोलीत लांब टेबलाशी तीन साहेब होते. एका बाजूला मुकादम, मागच्या बाकावर शेडमधले कामगार, खिडकीपाशी अधिकारी बाई. हसरी उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. चिमटे नसतात, बूट नसतात, बिल्ले खुंटीला असतात. आणि ती खुंटी आम्हीच वापरतो, आमच्या घरातून तशी आठवण करून पाठवतो, कारण ऊन भरलं की आम्हाला जेवायला कोणी घालत नाही.

"कुठली खुंटी?" मधल्या साहेबांनी विचारलं.

"शेडच्या भिंतीला, साहेब."

"मी आजच भिंत पाहून आलो. भिंतीला काही नाही."

भिंत नव्याने रंगवली होती. साहेबांनी बाकावरच्या कामगारांना विचारलं. त्यांनी एकमेकांच्या चपलांकडे पाहिलं. प्रत्येकाच्या घरी चूल होती. एक जण म्हणाला, "आम्ही बिल्ला लावतो, साहेब." दुसऱ्याने मान हलवली. हसरीला त्यांचा रागही आला नाही. मागच्या वर्षी असं कोणाचं झालं असतं आणि पिंपवाल्याला विचारलं असतं, तर तोही हेच म्हणाला असता, आणि घरी सासूने त्याला शहाणा म्हटलं असतं.

मग मधल्या साहेबांनी पडदा खाली सोडायला सांगितला. खिडक्या लावल्या. फिल्म सुरू झाली. चकचकीत पिंपं, लांब चिमटे, छातीछातीवर बिल्ले, भिंतीवर पाटी. आणि शेवटी भिंतीएवढी हसरी. 'मी रोज इथे काम करते. नियम पाळते. आणि घरी निर्धास्त जाते.'

दिवे लागले.

"या तुम्हीच ना?" साहेबांचा आवाज कडक नव्हता, उलट सभ्यच होता.

"हो."

"मग तेव्हा खोटं बोलत होतात, की आता बोलताय?"

हसरीला काहीतरी म्हणायचं होतं. तेव्हा जे सांगितलं ते तुम्हीच शिकवलेलं होतं, असं म्हणायचं होतं. पण घाबरली की तिचं जे नेहमी व्हायचं तेच झालं: तिच्या तोंडावर हसू आलं. तिने ते आवरायचा प्रयत्न केला, हात तोंडावर नेला, पण तीनही साहेबांनी ते पाहिलं. एकाने कागदावर काहीतरी टिपलं.

तेवढ्यात खिडकीपाशी अधिकारी बाई उठल्या. "साहेब, खिळे होते. चित्रीकरणाच्या दिवशी मी पाहिले होते."

"मग तेव्हाच का कळवलं नाहीत?"

"मला वाटलं," बाई म्हणाल्या, "कपडे टांगायला असतील."

खोलीत कोणी हसलं नाही. चौकशी संपली. बिल्ला स्वच्छ, भिंत स्वच्छ, फिल्म स्वच्छ. महिन्याभरात अधिकारी बाईंची दूर कुठेतरी बदली झाली. जाण्याआधी त्या हसरीच्या घरी आल्या, दारातच उभ्या राहिल्या.

"बाई, निदान माझं तोंड तरी त्यातून काढा," हसरी म्हणाली. "बाकी काही नको."

"मी अर्ज केला होता. फिल्म आता मुख्यालयाची आहे. ते म्हणतात, एवढी चांगली फिल्म झालीय, तिला हात लावायचं कारण नाही." बाईंनी चष्मा काढून पुसला. "मी तर लोक वाचावेत म्हणून लिहिली होती गं."

"लिहिलं ते बरोबरच होतं, बाई," हसरी म्हणाली. "तसं कोणी वागलं असतं तर यांच्यावर ही पाळी आलीच नसती."

पिंपवाल्याचा हात आधी बोटांपासून गेला, मग मनगटापासून काढावा लागला. ताप उतरेना. शेवटच्या दिवसांत तो फार बोलत नसे. एकदा म्हणाला, "धाकट्याला तिकडे नको पाठवू." एकदा आईला म्हणाला, "तुझी चूक नाही, आई." ते ऐकून सासू व्हरांड्यात जाऊन भिंतीवर डोकं आपटायला लागली, तिला दोन परिचारिकांनी धरून आणलं. एका सकाळी, ऊन खाटेपर्यंत आलेलं असताना, तो गेला. हसरीने त्याची चादर सारखी केली आणि हात शोधायला गेली, मग तिच्या लक्षात आलं की त्या बाजूला हात नाही.

आता घरात कमावणारं कोणी नव्हतं. हसरीला धुलाईतून आधीच कमी केलं होतं. धाकट्याने सगळीकडे काम पाहिलं. केंद्रातल्या माणसाचा भाऊ म्हटल्यावर कोणी उभं करेना. शेवटी मुकादमच आला. "झालं ते वाईट झालं," तो म्हणाला, आणि त्यालाही खरंच वाईट वाटत असावं, कारण त्याने चहा नको म्हटलं. "त्याची जागा रिकामी आहे. धाकट्याला पाठवा."

"मी जातो, वहिनी," धाकटा म्हणाला.

"भाऊजी!" हसरी ओरडली. धाकटा दचकला. डब्यात धान्य नव्हतं ही गोष्ट मुकादमासकट त्या चौघांनाही ठाऊक होती.

"जा," शेवटी ती म्हणाली. "पण बिल्ला छातीवर राहील. माझी शपथ. ऊन भरलं तर भरू दे. उपाशी मरायचं तर घरी मरू."

आणि इथे त्या घराने एक धीराची गोष्ट केली. सासू रोज पहाटे उठून शेडकडे जाणाऱ्या वाटेवर उभी राहायला लागली. येणाऱ्या प्रत्येकाची छाती ती हाताने चाचपायची. "लावलाय ना? काढू नको रे. मी माझ्या हाताने माझा मुलगा खुंटीला टांगला, तू तरी टांगून घेऊ नको." हसरी दारोदार फिरली. तिने बायकांना एवढंच सांगितलं, सकाळी डबा देताना ते वाक्य म्हणू नका. कोणी दार लावून घेतलं, कोणी रडलं. पण ज्या वसाहतीने पिंपवाल्याला शेवटचं पाहिलं होतं तिला फार समजवावं लागलं नाही. नव्याने रंगवलेल्या भिंतीत कोणीतरी खिळे पुन्हा ठोकले होते. काही आठवडे ते रिकामे राहिले.

मग जे व्हायचं तेच झालं. बिल्ले खरं बोलायला लागले. एकेकाचं ऊन भरलं. धाकटा घरी बसला, त्याच्या शेजारचा घरी बसला, सगळी आळीच घरी बसली. कोणी कोणाला शिवी दिली नाही, कोणाला काढून टाकलं नाही. कायद्याप्रमाणे नुसतं बोलावणं बंद झालं. आता चिमटे येतील, बूट येतील, माणसं आळीपाळीने पाठवतील, असं हसरीला वाटलं होतं. काही आलं नाही. एक दिवस केंद्राच्या फाटकातून मालमोटारी आल्या आणि त्यांतून लांबच्या मुलखातली माणसं उतरली, बायकापोरांसकट. त्यांची भाषा इथे कोणाला येत नव्हती, आणि इथली त्यांना. फाटकापलीकडे त्यांच्यासाठी पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या.

ज्या शेजारणी हसरीबरोबर रडल्या होत्या त्या आता नळावर तिला पाठ करायला लागल्या. "तुझ्या शहाणपणाने आमच्या चुली विझल्या," एक जण तोंडावर म्हणाली. हसरी घागर भरून घरी निघाली. खोटं थोडंच होतं ते?

एका रविवारी सकाळी ती पत्र्याच्या वस्तीकडे निघाली. धाकटा म्हणाला, "कशाला जातेस? त्यांना कळणार काय?" ती म्हणाली, "हातवारे करीन, चित्र काढीन. माणसंच आहेत ना?"

वस्तीच्या मधोमध एक मोठी पत्र्याची खोली होती. खिडक्यांवर पोती टांगून आत अंधार केला होता आणि नवी माणसं जमिनीवर दाटीवाटीने बसली होती. हसरी दारातून आत शिरली तेव्हा फिल्म चालूच होती. पिवळी पिंपं. चिमटे. छातीवरचे बिल्ले. पाठीमागे पाटी. कोण्या एका कामगाराकडे कॅमेरा वळला आणि तिने ओळखलं: मुखवट्याच्या वरचे ते डोळे पिंपवाल्याचे होते, दोन्ही हातांत चिमटा धरलेला.

मग ती स्वतः आली. तिने मुखवटा काढला, केस मागे सारले, ओठ हलवले. पण आवाज तिचा नव्हता. कोणी दुसरीच बाई, गोड गळ्याची, त्या परक्या भाषेत बोलत होती. हसरीला आपल्याच तोंडून निघणारा एक शब्द कळेना. एवढंच कळलं, की वाक्य तेच आहे, कारण वाक्य संपलं आणि ती हसली.

खोलीतली माणसंही हसली. त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरताना तिला अंधारातही दिसला.

"नका!" हसरी ओरडली. पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. "ऐका माझं! ते खोटं आहे. म्हणजे नियम खरे आहेत, पण ते तुम्हाला नाही पाळू देणार. बिल्ला काढू नका. खुंटीला लावू नका. माझा माणूस गेला हो यात!"

खोलीत कुजबुज झाली. पुढे बसलेली एक तरुण बाई, मांडीवर मूल घेतलेली, उठून जवळ आली. तिने हसरीच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, मग मागे पडद्याकडे पाहिलं, आणि तिचे डोळे विस्फारले. तिने आपल्या माणसांकडे वळून काहीतरी ओरडून सांगितलं. सगळी खोली उठली. त्यांनी तिला ओळखलं होतं! पडद्यावरची बाई जिवंत, धडधाकट, त्यांच्यात येऊन उभी होती. याहून मोठी खात्री कोणती? पुरुषांनी हात जोडले, बायकांनी तिचे हात धरले, एका म्हातारीने तिच्या गालावरून बोटं फिरवली. हसरी रडत होती, बोलत होती, छातीवर हात आपटून बिल्ल्याची खूण करत होती. त्यांनीही आनंदाने छातीवर हात आपटले. त्यांना ते नमस्कारासारखं वाटलं असावं.

मूल घेतलेल्या बाईचा नवरा जवळ आला. पोरसवदा, मजबूत हातांचा. त्याने हसरीला खुणेने दाखवलं: उद्यापासून मी तिथे, शेडमध्ये. मग आपल्या ओठांची टोकं दोन बोटांनी वर ओढून तिला विनवलं, की एकदा तसं हस ना.

हसरी सांगत राहिली. आवाज बसेपर्यंत, पोती काढून माणसं आपापल्या खोल्यांकडे पांगेपर्यंत तिने तेच चार शब्द पुन्हा पुन्हा सांगितले. शेवटी धाकटा तिला शोधत आला आणि हाताला धरून घेऊन गेला.

सोमवारी सकाळी शेडच्या भिंतीवरचे खिळे पुन्हा भरलेले होते.

त्या माणसांना तिची भाषा येत नव्हती. तुम्हाला आणि मला येते.